गणितात एक्केचाळीस, आणि हातात सिरिंज

प्रश्न :

नमस्कार ताई,
मी विक्रोळीला राहते. बारावी आर्ट्सनंतर या वर्षी जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) प्रवेश घेतला. दहावीला गणितात ४१ मार्क होते आणि अकरावीला गणित सुटलं तेव्हा मला मोकळं वाटलं होतं. आता वॉर्डात पोस्टिंग सुरू झालं आहे. परवा सिस्टरांनी विचारलं, ‘सलाईनचा एक पाइंट आठ तासांत घालवायचाय, मिनिटाला किती थेंब ठेवशील?’ मला काहीच सुचलं नाही. शेजारच्या मुलीनं पटकन ‘एकवीस’ सांगितलं. ते तिनं कुठून आणलं हे मला अजून कळलेलं नाही. नर्सिंगला नक्की किती गणित लागतं? मोठ्या हॉस्पिटलांत ठरल्या गतीनं औषध सोडणारे पंप आहेत, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, मग एवढं शिकावंच लागतं का? आणि आता या वयात माझं गणित सुधारेल का? आई म्हणते जमेल. मला मात्र रात्री झोप लागत नाही. माझ्या हातून कुणाला जास्त औषध गेलं तर?
— एक विद्यार्थिनी, विक्रोळी

उत्तर :

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. जास्त औषध जाईल ही भीती तुला वाटते, ती टाकून देऊ नकोस. तिचा उपयोग आहे. ज्यांना ती वाटत नाही त्या मुली ताळा न करता सिरिंज भरतात.

आता किती गणित लागतं ते. बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती यांतलं काहीही वॉर्डात लागत नाही. जीएनएमला तर कुठल्याही शाखेची बारावी चालते, आणि बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी मागतात, गणित विषय मागत नाहीत. जे लागतं ते सातवीपर्यंतचं : गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, दशांश, टक्केवारी आणि त्रैराशिक. ८० रुपये किलोची भेंडी पाव किलो घेतली की वीस रुपये झाले, हे तू बाजारात उभ्या उभ्या करतेस. औषधाच्या डोसचा हिशेब त्याहून वेगळा नाही. फरक इतकाच की शाळेत ३५ मार्कांना पास करतात आणि रीत बरोबर असेल तर उत्तर चुकलं तरी मार्क देतात. वॉर्डात रीतीला मार्क नाहीत. म्हणून गणित थोडं आहे, पण जेवढं आहे तेवढं पक्कं हवं.

आधी आपली गाडी कुठे अडते ते शोध. हे पाच प्रश्न कॅल्क्युलेटर न घेता कागदावर सोडव :
(१) ०.२५ × ४
(२) ०.५ ÷ ०.१२५
(३) १००० ÷ ८
(४) ०.०९ आणि ०.५ यांत मोठा कोणता?
(५) ०.३ ग्रॅम म्हणजे किती मिलिग्रॅम?
उत्तरं शेवटी दिली आहेत. ‘माझं गणित कच्चं’ म्हणणाऱ्या बहुतेक मुलींचे पाढे ठीक असतात, त्या दशांश चिन्हापाशी अडतात. चौथा प्रश्न चुकला तर दुखणं तिथेच आहे, कारण ‘नऊ मोठा, पाच लहान’ ही सवय टिंबानंतरही तशीच चालू राहते. त्यावर आपल्याकडे घरचाच उपाय आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तुला लहानपणापासून माहीत आहेत. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत, ती याचसाठी. ०.२५ दिसलं की ‘पाव’ वाच, ०.७५ दिसलं की ‘पाऊण’, १.२५ ला ‘सव्वा’. आकड्याला आकार आला की त्यात मोठं काय, लहान काय हे विचारावं लागत नाही.

दुसरी गोष्ट एककं. पायऱ्या हजाराच्या आहेत : १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, १ लिटर म्हणजे १००० मिली. मोठ्याकडून छोट्याकडे जाताना हजारानं गुणायचं, उलट येताना भागायचं. म्हणजे टिंब तीन घरं सरकतं. इथली चूक दुपटी-तिपटीची नसते, हजारपटीची असते. मायक्रोग्रॅमचं ग्रीक अक्षर घाईत लिहिलं की ‘एम’सारखं दिसतं आणि मिलिग्रॅम वाचलं जातं. म्हणून तू लिहिताना शब्द पूर्ण लिही. ‘युनिट’साठी नुसतं इंग्रजी ‘यू’ लिहू नकोस, त्याचं शून्य होतं आणि ४ युनिटचे ४० होतात. टिंबाचेही दोन नियम आहेत. टिंबाच्या आधी शून्य लिहायचंच : ०.५. नुसतं .५ लिहिलं तर टिंब पुसट झाल्यावर ५ उरतात. आणि पूर्ण आकड्यामागे टिंब-शून्य कधीच नाही : ५.० चे ५० वाचले जातात. दोन्हीकडे चूक दसपट.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींसाठी एक खास सूचना. चार्टवर मराठी आकडे लिहू नकोस. आपला चार इंग्रजी आठसारखा दिसतो, आपला एक इंग्रजी नवासारखा. नातेवाईक घरच्या गोळ्यांची किंवा इन्सुलिनची चिठ्ठी मराठीत लिहून आणतात, ती वाचताना हेच लक्षात ठेव आणि तोंडी विचारून घे.

आता डोस. सूत्र एकच आहे, आणि मराठीत ते असं म्हण : हवंय भागिले आहे, गुणिले किती मिलीत आहे. जेंटामायसिन ६० मिलिग्रॅम द्यायचंय, अँप्यूलवर (काचेच्या छोट्या बंद कुपीवर) ८० मिलिग्रॅम, २ मिली असं छापलंय. ६० ÷ ८० म्हणजे पाऊण. पाऊण गुणिले २, म्हणजे १.५ मिली.

पण सिरिंज उचलण्याआधी, किंबहुना आकडेमोडीच्याही आधी, अंदाज करायचा. ६० हे ८० पेक्षा कमी आहे, म्हणजे अख्खी अँप्यूल लागणार नाही. अर्ध्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे १ मिलीपेक्षा जास्त लागेल. उत्तर १ आणि २ च्या मध्ये यायला हवं. मग घाईत कुणी भागाकार उलटा केला, ८० ÷ ६० × २, तर २.६७ येतं आणि तू लगेच थांबतेस, कारण एवढं औषध अँप्यूलमध्येच नाही. कॅल्क्युलेटरनं हेच २.६७ न कुरकुरता दाखवलं असतं. चुकीच्या क्रमानं घातलेले आकडे तो ओळखत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे : कॅल्क्युलेटर वापर, मनाई नाही, पण अंदाज तुझा आधी हवा. एका डोससाठी दोनपेक्षा जास्त अँप्यूल फोडाव्या लागतायत किंवा दोनपेक्षा जास्त गोळ्या लागतायत असा हिशेब आला, तर हात थांबव आणि विचार. कधी कधी ते बरोबरही असतं, पण विचारल्याशिवाय नाही.

१.५ मिली कशात घेशील? ५ मिलीच्या सिरिंजवर एक बारीक रेघ बहुधा ०.२ मिलीची असते. तिथे १.४ आहे, १.६ आहे, १.५ नाहीच. २ मिलीच्या सिरिंजवर रेघ ०.१ ची असते, तिथे १.५ नेमकं मिळतं. हिशेब बरोबर आणि सिरिंज चुकीची, असं खूप होतं. कुठलीही सिरिंज हातात घेतली की दोन आकड्यांच्या मध्ये किती घरं आहेत ते आधी मोज.

हिशेब येऊनही लेबलापाशी घसरायला होतं. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची ५ मिलीची व्हायल (रबरी बुचाची छोटी बाटली) दर मिलीला १००० युनिटची मिळते आणि दर मिलीला ५००० युनिटचीही मिळते. ५००० युनिटसाठी पहिलीतून ५ मिली घ्यावं लागतं, दुसरीतून १ मिली. दुसरीवर ‘२५००० युनिट, ५ मिली’ असं मोठ्या अक्षरांत दिसतं. ती पहिली समजून ५ मिली भरलं तर पाचपट औषध जाईल. म्हणून लेबलवरचे दोन्ही आकडे वाचायचे : औषध किती, आणि किती मिलीत.

हाच घोळ घराघरांत तापाच्या औषधाचा होतो, त्यामुळे तो तुला लवकर कळेल. १० किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम सांगितलं, म्हणजे १५० मिलिग्रॅम. सिरप १२५ मिलिग्रॅम प्रति ५ मिली असेल तर ६ मिली, २५० वालं असेल तर ३ मिली, आणि ड्रॉप्स १०० मिलिग्रॅम प्रति मिली असतील तर दीड मिली. औषध तेच, बाळ तेच, आकडे तीन. सिरपची सवय असलेल्या आईनं ड्रॉप्सच्या बाटलीतून ६ मिली दिलं तर ६०० मिलिग्रॅम गेलं, चौपट. डिस्चार्जच्या वेळी ‘इतके चमचे द्या’ असं मोघम सांगू नकोस. बाटली हातात घे, मापाच्या टोपीवर बोटानं रेघ दाखव आणि त्यांच्याकडून एकदा मोजून घे. शिरेतून देण्याचं पॅरासिटामॉल तर १०० मिलीच्या बाटलीत १ ग्रॅम असतं, म्हणजे मिलीला १० मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाला ४५ मिलिग्रॅम लिहिलंय, तर ४.५ मिली द्यायचं. मिलिग्रॅमच्या जागी मिली वाचून ४५ मिली सोडलं तर ४५० मिलिग्रॅम. यासाठी गणितात नापास व्हावं लागत नाही, घाई पुरते.

मुलांच्या वॉर्डात आणखी एक खाच आहे : ‘दिवसाला’ की ‘दर वेळी’? सेफ्ट्रायॅक्सोन किलोमागे ५० मिलिग्रॅम दिवसाला, दोन भागांत, आणि मूल १२ किलोचं. ५० गुणिले १२, ६०० मिलिग्रॅम दिवसभराचे, म्हणून एका वेळी ३००. भागायचं राहिलं तर दर वेळी दुप्पट जाईल. आणि १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये पाणी घालतेस तेव्हा पावडरही थोडी जागा खाते. मोठ्या माणसाला अख्खी व्हायल जाते तेव्हा त्यानं काही बिघडत नाही, पण लहान मुलाला त्यातला भाग द्यायचा असतो तेव्हा बिघडतं. किती मिली घातल्यावर मिलीला किती मिलिग्रॅम होतं हे औषधाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, तोच आकडा धरायचा. वजन मात्र आजचं, काट्यावर घेतलेलं आणि किलोतलं. ‘असेल दहा-बारा किलो’ चालणार नाही.

आता तुझे थेंब. वॉर्डात पाइंट म्हणतात ती ५०० मिलीची बाटली. सलाईनच्या साध्या सेटमधून (नळीतून) बहुधा २० थेंबांचा १ मिली होतो, मायक्रोड्रिपमधून, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटमधून, ६० थेंबांचा. काही सेट १५ थेंबांचेही असतात, म्हणून सेटच्या पाकिटावर छापलेला आकडा बघूनच हिशेबाला बसायचं. पूर्ण रीत अशी : एकूण मिली गुणिले एका मिलीतले थेंब, भागिले एकूण मिनिटं. ५०० × २० = १००००. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. १०००० ÷ ४८० = २०.८, आणि थेंब पाऊण पडत नाही म्हणून २१.

तुझ्या मैत्रिणीनं बहुतेक हे केलंच नसेल. तिनं ५०० ला ८ नं भागून तासाला साधारण ६२ मिली काढले आणि त्याला ३ नं भागलं. ३ का? मिलीला २० थेंब आणि तासाला ६० मिनिटं, २० भागिले ६० म्हणजे एक तृतीयांश. म्हणून २० थेंबांच्या सेटला तासाचे मिली भागिले ३ म्हणजे मिनिटाचे थेंब. मायक्रोड्रिपमध्ये ६० भागिले ६०, म्हणजे एक, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. १५ थेंबांच्या सेटला ४ नं भाग. हे एकदा समजलं की पाठ करायची गरज नाही, तरी खुणेसाठी चार आकडे लक्षात असू देत : साध्या सेटनं एक पाइंट ४ तासांत घालवायचा तर ४२ थेंब, ६ तासांत २८, ८ तासांत २१, १२ तासांत १४. तुझं उत्तर यांच्या आसपास नसेल तर कुठेतरी चुकलंय. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे तासांची मिनिटं करायची राहतात : १०००० ÷ ८ = १२५०. मिनिटाला साडेबाराशे थेंब म्हणजे धारच. अंदाज केलेला असेल तर हा आकडा तोंडातून बाहेरच पडणार नाही.

हिशेब झाला म्हणजे सलाईन त्या गतीनं जातंच असं नाही. थेंब मोजताना सेकंदकाटा असलेलं घड्याळ थेंब पडतात त्या चेंबरच्या शेजारी धर आणि सुरुवातीला पूर्ण मिनिट मोज. १५ सेकंद मोजून चारानं गुणलं तर एका थेंबाची चूक चौपट होते. पेशंटनं हात दुमडला, स्टँड खालीवर झाला, तो बाथरूमला जाऊन आला, कुणा नातेवाइकानं ‘हळू जातंय’ म्हणून नळीवरचा गती बदलायचा रोलर फिरवला, की गती बदलते. म्हणून बाटलीवर उभी पट्टी चिकटवून दर तासाची रेघ आणि वेळ लिहितात. समज, आठ तासांचा पाइंट आहे आणि तीन तासांनी तू बघतेस तर बाटलीत ३८० मिली शिल्लक आहे, असायला हवं होतं साधारण ३१२. उरलेल्या पाच तासांत ते संपवायचं तर ३८० × २० ÷ ३०० = २५ थेंब हा हिशेब तुला आला पाहिजे, पण रोलर आपल्या मनानं पुढे ढकलायचा नाही. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला मागे पडलेलं सलाईन भरभर देणं महागात पडतं. आकडा घेऊन सिस्टरांकडे जा : “तीन तासांत १२० गेलंय, १८८ जायला हवं होतं. वेळेत संपवायचं तर २५ थेंब येतात. वाढवू की वेळ पुढे नेऊ?” असं विचारणाऱ्या मुलीला कुणी कच्ची म्हणत नाही.

पंप आहेत ना, असं तू विचारलंयस. पंप सांगितलेली गती पाळतो. गती बरोबर आहे का, हे तो जाणत नाही. अतिदक्षता विभागातलं नेहमीचं उदाहरण घे. रक्तदाब वाढवायचं डोपामिन २०० मिलिग्रॅम, ५ मिलीची अँप्यूल, एकूण ५० मिली करून सिरिंज पंपात लावायचं. ५ मिली औषध आणि ४५ मिली सलाईन. ५० मिली सलाईनमध्ये ५ मिली टाकलं तर ५५ झाले आणि औषध पातळ झालं, इथेच पहिली चूक होते. बरोबर केलं तर २०० ÷ ५० = मिलीला ४ मिलिग्रॅम. ऑर्डर आहे ५ मायक्रोग्रॅम दर किलोला दर मिनिटाला, पेशंट ६० किलो. पायऱ्या एकेक कर, एका ओळीत कोंबू नकोस :
५ × ६० = मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम.
३०० × ६० = तासाला १८००० मायक्रोग्रॅम.
१८००० ÷ १००० = तासाला १८ मिलिग्रॅम.
१८ ÷ ४ = तासाला ४.५ मिली.
पहिल्या ओळीतले ६० किलो आहेत, दुसऱ्या ओळीतले ६० मिनिटं. योगायोगानं आकडा सारखा असला की मुली त्यातला एक गाळतात. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलंस तर गाळता येणार नाही. शेवटी पंपाच्या पडद्यावर ४.५ च दिसतंय, ४५ नाही, हे डोळ्यांनी वाचायचं. पहिल्या वर्षी हे तुझ्या हातात कुणी देणार नाही, पण रीत आजपासून करता येईल.

इन्सुलिनवर मात्र थांबून बोलायला हवं, कारण ते तू याच वर्षी बघणार आहेस. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. मिलीला ४० युनिटच्या व्हायल, आणि मिलीला १०० युनिटची पेनची काडतुसं आणि काही व्हायल. सिरिंजही दोन : ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. व्हायल आणि सिरिंज जुळली तर काही हिशेबच लागत नाही, २० युनिट हवेत तर २० च्या रेघेपर्यंत भरायचं. जुळली नाही तर बघ काय होतं. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ती रेघ अर्ध्या मिलीची आहे, आणि अर्ध्या मिलीत ५० युनिट गेले. अडीचपट. साखर धाडकन खाली येईल. उलट, ४० ची व्हायल आणि १०० ची सिरिंज, तर २० च्या रेघेला ०.२ मिली, म्हणजे ८ च युनिट. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो आणि मग कुणीतरी बरोबर सिरिंज वापरतं, तो दिवस धोक्याचा. म्हणून इन्सुलिनला नियम असा : व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्यानं वाचायचे, सारखे आले तरच भरायचं. पेनच्या काडतुसातून सिरिंजनं ओढायचं नाही आणि साध्या २ मिलीच्या सिरिंजमध्ये इन्सुलिन मोजायचं नाही. जुळणारी सिरिंज नसेल तर गुणाकार करून वेळ मारून नेऊ नकोस, सिरिंज मागव. इथे गणित येणं म्हणजे गणित करण्याची वेळ येऊ न देणं.

पोटॅशियम क्लोराइडचंही सांगून ठेवते. १५ टक्क्यांची १० मिलीची अँप्यूल, म्हणजे मिलीला १५० मिलिग्रॅम, आणि अँप्यूलमध्ये साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). ऑर्डर ३० ची असेल तर दीड अँप्यूल, १५ मिली. ते सलाईनमध्ये मिसळून, हलवून, ठरलेल्या गतीनंच जातं. शिरेत थेट कधीच नाही, हिशेब कितीही बरोबर असला तरी.

टक्केवारीचा एकच अर्थ धर : १०० मिलीत इतके ग्रॅम. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या पाइंटमध्ये २५ ग्रॅम साखर, ०.९ टक्के सलाईनच्या पाइंटमध्ये ४.५ ग्रॅम मीठ. जंतुनाशक हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल आणि १ टक्क्याचं १ लिटर हवं असेल तर २०० मिली औषध आणि ८०० मिली पाणी. मावशी हे अंदाजानं ओतताना दिसतील. मापाचा मग काढून दे. इनटेक-आउटपुट (पेशंटच्या अंगात किती पाणी गेलं, बाहेर किती आलं) म्हणजे नुसती बेरीज आणि वजाबाकी, पण ती बेरीज काहीतरी सांगत असते. मोठ्या माणसाला किलोमागे तासाला निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. ६० किलोला तासाला ३० मिली, सहा तासांत १८०. पिशवीत ९० च दिसले तर आकडा लिहून पुढे जाऊ नकोस, लगेच सांग.

मुंबईच्या वॉर्डात ऑर्डर इंग्रजीत, बोलणं हिंदीत आणि मनातला हिशेब मराठीत चालतो. कानाला ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘सिक्स्टीन’ आणि ‘सिक्स्टी’ सारखेच येतात. तोंडी आकडा आला की तो अंक सुटे करून परत म्हण : “वन फाइव्ह, फिफ्टीन?” समोरच्यानं हो म्हटल्याशिवाय हलू नकोस. दुसऱ्याकडून ताळा करून घेतानाही रीत आहे. “१.५ मिली बरोबर ना?” असं विचारलं तर घाईत समोरची ‘हो’ म्हणते. ऑर्डर आणि अँप्यूल तिच्या हातात दे, तिला स्वतः काढू दे, मग दोघींची उत्तरं जुळवा.

या वयात सुधारेल का? सुधारेल, आणि त्याला वर्ष लागणार नाही. गणित सुटून तुला दोन वर्षं झालीत, हात गंजलाय एवढंच. रोज वीस मिनिटं काढ. पहिला आठवडा फक्त दशांशाचा गुणाकार-भागाकार आणि एककं. दुसरा आठवडा हवंय भागिले आहे. तिसरा थेंब, चौथा किलोमागचे डोस. रोज दहा उदाहरणं पुरेत, पण प्रत्येकापुढे आधी अंदाज लिही, मग उत्तर. चुकलेली उदाहरणं वेगळ्या वहीत उतरव आणि शेजारी कारण लिही : टिंब, एकक, उलटा भागाकार, मिनिटं, लेबल. पंधरा दिवसांत तुझ्याच वहीत दिसेल की तू दहा प्रकारांनी चुकत नाहीस, दोनच प्रकारांनी चुकतेस. मग तेवढ्यावरच काम कर. लोकलमध्ये वही काढता आली नाही तर तोंडी कर : ८० ला ६०, ४० ला ३०, ५०० ला ६ तास. उदाहरणंही पुस्तकातली कशाला, वॉर्डातल्या औषधांच्या लेबलवरचे आकडे खिशातल्या डायरीत उतरवून आण. पेशंटचं नाव-नंबर मात्र डायरीत नको.

पुढे परदेशी जायचं मनात आलं तर हीच तयारी कामी येते. ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीच्या संगणकीय परीक्षेत नुसत्या आकडेमोडीचा वेगळा भाग असतो, १५ प्रश्न, आणि त्यात डोस, थेंब, एककं हेच विचारतात.

आणि सिस्टरांना परवाचं उत्तर द्यायचं राहिलंय. उद्या त्यांच्याकडे जा, सेटचं पाकीट हातात घेऊनच : “सिस्टर, हा २० थेंबांचा सेट आहे, म्हणून एकवीस. मायक्रोड्रिप असता तर बासष्ट-त्रेसष्ट.”

पाच प्रश्नांची उत्तरं : (१) १ (२) ४ (३) १२५ (४) ०.५ (५) ३०० मिलिग्रॅम.